मधला फोन

अमेरिकेहून परत आल्यापासून आमच्या नागपूरच्या शेजारणी विचारताहेत, काय काय पाहिलंत? तो मोठा लाल पूल पाहिला का, सिनेमावाल्यांचं गाव पाहिलं का? मी सांगते, पूल धुक्यात होता आणि सिनेमावाल्यांचं गाव राहूनच गेलं. मग तीन महिने केलं तरी काय? डोंगरातल्या एका तळ्याकाठी गळ्यात फोन अडकवून खडकावर बसले होते, असं म्हटलं की त्या माझ्याकडे जरा काळजीने बघतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

आधी आमच्या घरचं सांगायला हवं, नाहीतर तो खडक कळायचा नाही. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसायचे. कानाला हेडसेट, हातात कॉर्ड, आणि समोर कधी अमरावती तर कधी मुंबई. पुढे ती खोलीही गेली आणि ते बोर्डही गेले, मी निवृत्त झाले. पण माझं काम काही सुटलं नाही. मुलगा निखिल कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, आणि धाकटी रुचा तिथून जवळच, सांता क्लाराला. रहदारी नसेल तर अर्ध्या तासाचं अंतर. पण या दोघांचे एकमेकांना जाणारे निरोप वर्षानुवर्षं नागपूरमार्गे जातात. "आई, रुचाला सांग, तिचं पार्सल माझ्याकडे आलंय." "आई, दादाला सांग, ईराच्या वाढदिवसाचा केक मी आणते." इकडे माझा कुकर लावलेला असतो आणि मी अमेरिकेतल्या अमेरिकेत केकचा निरोप पोचवत असते. कधी फोन आमच्या ह्यांनी उचलला, तरी "थांब, आईला देतो" याच्यापुढे त्यांचं वाक्य जात नाही.

दोघांचं भांडण नव्हतं, हे मुद्दाम सांगते. भांडण असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. सवयच तशी पडली होती. मला वाटलं, मी तिथे गेले की बंद होईल. तिघंही एका गावात असल्यावर निरोप कशाला लागतात?

फ्रीमाँट

निखिलचं घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या उंच अरुंद घरांच्या रांगेतलं एक. खाली गाडी, मध्ये स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. दिवसातून किती वेळा जिने चढले कोण जाणे, पण गुडघ्यांनी सगळा हिशेब ठेवला. सून मुग्धा सकाळी कॉफीचा मग घेऊन गाडीत बसते ती संध्याकाळी घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडते. नात ईरा सात वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा व्यवहार. पोहे खाणार का म्हटलं की "आजी, विदाउट पीनट्स" म्हणून पळायची. रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही. दुपारी मी फिरायला निघाले की बाकावर बसलेले दोन पंजाबी आजोबा आणि एक तेलुगू बाई भेटायच्या. आम्हा चौघांना मिळून एकही समान भाषा नव्हती, तरी मुलांची घरं, गुडघे आणि इथली भाजी यांवर आमचं रोज बोलणं व्हायचं.

पोचून चार दिवस झाले नाहीत तोच भाजी चिरताना निखिल म्हणाला, "आई, रुचाला विचार ना, शनिवारी जेवायला येते का."

"तुझ्या हातात काय आहे?" मी विचारलं.

त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. "अगं, तू करशीलच ना तिला फोन."

मी केला. समुद्र ओलांडून आले तरी मी होते तिथेच होते.

सांता क्लारा

माझे परतीचे दिवस जवळ आले तेव्हा रुचाने एका दुपारी मला जेवायला बोलावलं. तिचं घर दोन खोल्यांचं. गॅलरीत तुळस, एका कोपऱ्यात सायकल, आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे नवे, न उघडलेले खोके. ते मी आल्याआल्याच पाहिले होते. तिने वरणफळं केली होती आणि चांगली झाली होती, म्हणजे पोरीला काहीतरी सांगायचं होतं.

"आई, ऐक ना. मला अ‍ॅशबर्नला जॉब मिळालाय. व्हर्जिनियात. डेटा सेंटरमध्ये. महिनाअखेर जॉइन करायचंय."

"व्हर्जिनिया म्हणजे कुठे?"

"दुसऱ्या टोकाला. विमानाने पाच-सहा तास."

काम काय ते तिने समजावून सांगितलं. गावाबाहेर मोठमोठ्या बिनखिडक्यांच्या इमारती असतात, आत नुसती यंत्रं. "आपण दोघी आत्ता इथे बसून एकमेकींना मेसेज केला ना, तरी तो आधी टॉवरकडे जातो, मग अशाच कुठल्या तरी इमारतीत जातो आणि मग परत येतो." मला खरं वाटेना. मी तिथेच सोफ्यावरून तिला "वरणफळं छान झाली" असं पाठवलं. तिचा फोन वाजला. हातभर अंतरावरून निघालेला माझा मेसेज कुठून कुठे हिंडून आला होता, याची मला गंमत वाटली. मग विचारलं, "निखिलला सांगितलंस?"

ती ताटं गोळा करायला लागली. "तू सांग ना. तुझ्या पद्धतीने."

तिचं का अडलं होतं ते मला ठाऊक होतं. ती इथे शिकायला आली तेव्हा निखिलनेच तिला घरी ठेवून घेतलं, गाडी शिकवली, परीक्षेच्या दिवसांत डबे दिले. मग नोकरी लागल्यावर तिने वेगळं घर घेतलं. तेही मीच नागपूरहून त्याला सांगितलं होतं. तो फक्त "ठीक आहे" म्हणाला आणि त्यानंतर तो विषय त्याने कधी काढला नाही. तिला वाटलं, दादा रागावला. त्याला वाटलं, आपल्याकडे तिची अडचण होत होती. दोघंही हे मला सांगून मोकळी झाली होती, एकमेकांना मात्र अवाक्षर नाही. आता तर ती देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती.

"बघते," मी म्हटलं. 'बघते' या शब्दावर आपल्याकडे कितीतरी वर्षं काढता येतात.

पण मला एक दिवससुद्धा मिळाला नाही. त्याच संध्याकाळी मला फ्रीमाँटला परत नेताना निखिल गाडीत म्हणाला, "आई, आम्ही मोठं घर बघतोय. खाली एक वेगळी खोली आहे, स्वतंत्र बाथरूम, स्वतंत्र दार. रुचाला विचार ना, येईल का राहायला. तिच्या मनावर काही नको. म्हणून तू विचार."

त्यालाही मी "बघते" म्हटलं. आमच्या बोर्डावर कधीकधी असं व्हायचं, दोन्हीकडचे लोक एकाच वेळी एकमेकांचा नंबर मागायचे. तेव्हा बरं होतं, कॉर्ड खोचली की झालं. इथे दोन्ही निरोप माझ्याजवळ येऊन बसले होते आणि एक पोचवला की दुसऱ्याला अर्थ उरणार नव्हता.

डोंगराकडे

निखिलचं काम मला आत्तापर्यंत नीट कळलं नव्हतं. तो म्हणायचा, "फोनला फोन जोडतो," आणि मी म्हणायचे, "मीही तेच करत होते." या वेळी त्याने नीट सांगितलं. टॉवर नसेल, किंवा आगीत, वादळात बंद पडला असेल, तरी जवळजवळ असलेले फोन एकमेकांशी थेट बोलू शकले पाहिजेत. लांबच्याला निरोप द्यायचा तर मधल्या कुणाच्या तरी फोनने तो पुढे ढकलायचा. त्याची ऑफिसातली छोटी तुकडी हेच करत होती, आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरात, जिथे फोनला रेंजच नसते अशा एका तळ्याकाठी त्याची चाचणी ठरली होती. तिथल्या दरीत हरवलेल्यांना शोधणाऱ्या स्वयंसेवकांना ते फोन पाहायचे होते. आयत्या वेळी त्याच्या दोन सहकाऱ्यांनी कॅन्सल केलं, एकाचं मूल आजारी, दुसऱ्याला ऑफिसचं काम.

"मला फक्त दोन माणसं हवीत, फोन धरून उभं राहायला," तो म्हणाला. "आई, तू येशील? आणि रुचाला विचार ना..."

"विचारते," मी म्हटलं. या वेळी मात्र खुशीने विचारलं. म्हटलं, दोन दिवस तिघंच, रेंज नाही, नागपूर नाही. कुठे जातील एकमेकांपासून?

मुग्धाला रविवारी ऑफिसची ड्यूटी होती आणि ईराची मराठी शाळा. शनिवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. दोघं भावंडं पुढे, मी मागे, मांडीवर डबा. वाटेत उघड्या पिवळ्या टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा लागल्या. मग सपाट मुलूख आणि बदामाच्या बागा. बदाम झाडाला लागतो हे मला माहीत होतं, पण झाड हलवून बदाम पाडायचं यंत्र असतं आणि ते झाडाचं मानगूट धरून त्याला गदागदा हलवतं, हे पाहून मी गाडी थांबवायला लावली. ओकडेल नावाच्या गावात आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. शेजारच्या टेबलावर मोठ्या टोपीवाला एक म्हातारा गृहस्थ बसला होता. त्याने वासाची चौकशी केली, चटणीचं बोट चाखलं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत "गुड" म्हणाला. मला तो माणूस आवडला.

गाडीत मात्र तेच.

"आई, दादाला सांग ना, एसी कमी कर."

"ती तुझ्या शेजारी बसली आहे," मी निखिलला म्हटलं.

"आई, हिला सांग, बटण तिच्याच बाजूला आहे."

दोघंही हसली, पण बटणाला हात मीच मागून वाकून लावला.

तळं

तळं निळं आणि इतकं निश्चल, की पहिल्यांदा मला ते खरं वाटेना. काठावर करड्या खडकाचे पसरट उतार, वर ताडमाड पाइन. त्यातल्या एका जातीच्या झाडाच्या सालीला नाक लावलं तर व्हॅनिलाचा वास येतो. मी तीन-चार झाडांना नाक लावून खात्री करून घेतली. हवा विरळ, चार पावलांत धाप लागायची. आमच्या रामटेकच्या पायऱ्या मी अजून न थांबता चढते, पण इथे थांबत गेले.

आम्हाला भेटायला कॅरल आली. स्वयंसेवकांच्या तुकडीची ती प्रमुख. माझ्याच वयाची, रुंद खांद्यांची, केस पांढरे आणि पायांत दणकट बूट. तिने हात मिळवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वास येणारं काय काय आणलंय?" तिथे अस्वलं आहेत. खायचंच नव्हे, वास येणारं काहीही गाडीत किंवा तंबूत ठेवायचं नाही, शेजारच्या लोखंडी पेटीत ठेवून कडी लावायची. मी पिशवी उघडली. लोणचं, चिवडा, गोडा मसाला. मग हिंगाची डबी. मग खोबरेल तेल. मग गुडघ्याला लावायचं मलम. कॅरलने हिंगाची डबी हुंगली आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "हे बहुतेक अस्वलालाच पळवून लावेल, पण पेटीतच ठेवू." रुचा हसून खाली बसली. माझं अंथरूण सोडून माझं सगळंच त्या पेटीत गेलं.

तंबूतली ती रात्र सोडून देते. झोपायच्या पिशवीची चेन अडकली आणि मी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी थंडीत पडून राहिले, एवढं पुरे.

सकाळी निखिलने जागा दाखवल्या. काठाला एक खडकाळ टेकडी आहे, तिचं टोक तळ्यात घुसलेलं. टेकडीच्या या अंगाला तो स्वतः, त्या अंगाला रुचा. मधल्या खडकातून दोघांच्या फोनची हाक पोचत नव्हती. टोकावरून मात्र दोन्हीकडचे किनारे दिसायचे, म्हणून टोकावर मी. त्याने माझ्या गळ्यात फोन अडकवला.

"तू मधली, आई. तिचा मेसेज तुझ्या फोनवर येईल आणि तुझा फोन तो माझ्याकडे ढकलेल. तुला काही करायचं नाही."

"मला वाचता येईल?"

"नाही. पाकीट बंद असतं. काहीतरी गेलं, एवढंच मधल्या फोनला कळतं. हा हिरवा बाण दिसेल, डावीकडे किंवा उजवीकडे."

हे मला पटलं. आमच्याकडेही लाइन लागली की बोर्डावरची ऐकायची कळ मागे घ्यायची आणि ऐकायचं नाही, असा नियम होता. नियम होता, एवढंच सांगते.

"आणि दोन फोन एकमेकांजवळ आले," तो म्हणाला, "की ते मधल्याला आपोआप सोडून देतात. मग बाण दिसणार नाही. पण ते आज होणार नाही, आम्ही हलणार नाही."

खडकावर

पहिली चाचणी मीच मोडली. रुचा त्या अंगाला सावलीत उभी होती, वारा गार, आणि माझ्याजवळ थर्मासभर चहा. पोर सकाळपासून काही गरम न घेता उभी आहे म्हटल्यावर मी काय बसून राहणार होते? बाण तर आपोआप जात होते. मी थर्मास घेतला आणि खडक उतरून तिच्याकडे निघाले. तिने चहा घेतला, दोन घोट मीही घेतले, तेवढ्यात निखिल धापा टाकत टेकडीला वळसा घालून आला.

"आई, तुझा फोन का बंद पडला?"

"बंद कुठे? हा काय, गळ्यात आहे. हिला चहा द्यायला आले."

त्याने कपाळाला हात लावला. "आई, तू टॉवर आहेस. टॉवर चहा द्यायला जात नाही."

मागे कॅरल उभी होती. निखिलचा चेहरा पडला, कारण चाचणी तिच्यासाठीच होती. पण ती म्हणाली, "बरं झालं. खऱ्या संकटातही माणसं अशीच हलतात. पुन्हा करू." थर्मासचं झाकण तिच्यापुढे केलं तर तिने चहाही घेतला, आलं जास्त आहे म्हणाली आणि आणखी मागितला.

दुसऱ्या खेपेला कॅरल माझ्याजवळ खडकावर येऊन बसली. निखिलने सांगितलं होतं, या वेळी नुसतं टेस्ट-टेस्ट लिहू नका, खरं काहीतरी लिहा, आपण अडकलो आहोत असं समजून. कॅरल माझ्यासाठी सावकाश इंग्रजी बोलत होती. काही वर्षांपूर्वी या दरीत आग आली, ती म्हणाली. टॉवर जळाला. ती नदीच्या या काठाला, नवरा पलीकडच्या काठाला गुरं सोडायला गेलेला. धुरामुळे दिसत नव्हतं, पाण्याच्या आवाजात हाक पोचत नव्हती. "दोघांच्या हातात फोन होते. चार्ज केलेले. तो समोरच होता हो, अगदी समोर. आणि मला कळायला दुसरा दिवस उजाडला." नवरा सुखरूप होता, अजून आहे, घरी पाय भाजतो आहे, असं तिने घाईने सांगितलं. पाय म्हणजे त्यांचा एक फळं भरलेला गोड प्रकार, हे मला जरा वेळाने कळलं.

तेवढ्यात माझ्या फोनवर दोन मेसेज आले, दोन्ही माझ्याच नावाचे, म्हणून वाचता आले. डावीकडून निखिलचा: "आई, विचारलंस का हिला, खोलीचं?" उजवीकडून रुचाचा: "आई, सांगितलंस का दादाला?"

मी दोन्ही दोनदा वाचले. आधी हसू आलं, मग आलं नाही. समोरच होता हो, असं ती बाई आत्ताच म्हणाली होती. ही दोघं एका टेकडीच्या दोन अंगांना उभी होती. टॉवर नव्हता, ती बिनखिडक्यांची इमारत नव्हती, आणि तरीही दोघांनी मलाच गाठलं होतं. थंडीने बोटं वाकत नव्हती. जमेल तसं एकच लिहून दोघांना पाठवलं: "मी कुणाला काही सांगणार नाही. रुचा, तुला जे सांगायचं आहे ते निखिलला लिही. निखिल, तुला जे विचारायचं आहे ते रुचाला विचार. मी खडकावरून हलत नाही."

मग बसले. काही वेळ काहीच नाही. तळ्यावर एक बदक सावकाश पलीकडे गेलं. मग उजवीकडून डावीकडे बाण उमटला. रुचाचा मेसेज माझ्या गळ्यातून निखिलकडे गेला.

त्यानंतर फार वेळ काही नाही.

मला भीती वाटत होती, हे स्पष्टच लिहिते. मी सांगितलं असतं तर जरा मऊ करून सांगितलं असतं. आधी तिच्या नव्या पगाराचं कौतुक, मग अ‍ॅशबर्नला आपली माणसं खूप आहेत म्हणतात असं काहीतरी, आणि मग हळूच जाण्याचं. रुचा तसली नाही, ती एका ओळीत लिहिणार. आणि निखिल पुन्हा "ठीक आहे" म्हणणार. ते दोन शब्द या अंगाने येतील आणि माझ्याच फोनमधून तिच्याकडे जातील, आणि मला ते अडवता येणार नाहीत. एकदा मनात आलं, उठावं आणि चहा द्यायला म्हणून निघून जावं. लाइन तुटेल. मग दोघांनाही तोंडी सांगता येईल.

कॅरलने माझ्याकडे पाहिलं. "थंडी वाजतेय? परत जायचं का?"

"नो," मी म्हटलं. "आय अ‍ॅम टॉवर."

डावीकडून बाण आला. लगेच दुसरा, लगेच तिसरा. 'ठीक आहे' लिहायला एवढे लागत नाहीत, एवढं मला कळलं. मग उजवीकडून. मग दोन्हीकडून असे भराभर, की मी मोजायचं सोडून दिलं. काय चाललंय ते कळत नव्हतं. भांडत असतील, रडत असतील, नाहीतर खोलीच्या बाथरूमविषयी बोलत असतील. माझ्या दोन मुलांचं बोलणं माझ्या छातीवरून जात होतं आणि मला त्यातला एक शब्द ठाऊक नव्हता.

आणि मग बाण थांबले.

मी फोन हलवला. पुसला. वर धरला. काही नाही. पहिला विचार आला, यंत्र बिघडलं. दुसरा, कुणीतरी रागाने फोन बंद केला. दोन्ही किनारे पाहिले तर तिथे कुणीच नव्हतं. या अंगाला निखिलची बॅग, त्या अंगाला रुचाची टोपी दगडाखाली ठेवलेली. तेव्हा कुठे त्याचं सकाळचं बोलणं आठवलं, की जवळ आले की मधल्याला सोडून देतात.

तरी मी उठले नाही. उठू नको असं मला बजावलं होतं आणि एकदा बोलणी खाऊन झाली होती. कॅरल मात्र पाय मोकळे करायला टेकडीमागे गेली आणि थोड्या वेळाने परत आली. "मागे लाकडी टेबलापाशी आहेत दोघं. बोलताहेत. बोलावू?"

"नको," मी मराठीतच म्हटलं. तिला कळलं.

ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की मला मध्ये शिरून विचारावं लागायचं, वेळ झाली, वाढवायची का? किती लोकांची वाक्यं मी अशी मध्येच तोडली असतील. त्या खडकावर बसून मी ते न विचारण्याचं सुख घेतलं. ऊन वर आलं, खडक तापला, कॅरल आणि मी थर्मासातला राहिलेला चहा संपवला.

शेवटी दोघं आली तेव्हा निखिलचे डोळे लाल होते आणि रुचाचं नाक. "आई, चहा आहे का?" त्याने विचारलं.

"संपला."

"मी चाललोय हिला सोडायला," तो म्हणाला. "अ‍ॅशबर्नला. सामान गाडीत टाकून, ड्राइव्ह करत."

"मी नको म्हणतेय याला," रुचा म्हणाली. "यार दादा, किती दिवस लागतील, तुला सुट्टी तरी..."

"लागू देत दिवस. आणि ती खोली तशीच राहील. दिवाळीला यायचंस."

"येईन ना. पण आधी जाऊ तर दे."

ही वाक्यं त्यांनी एकमेकांना म्हटली. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. मला मनापासून बरं वाटलं, आणि जरासं, अगदी जरासं, वाईटही वाटलं. ऑपरेटरच्या खुर्चीवरून उठायच्या शेवटच्या दिवशी वाटलं होतं तसंच.

कॅरलने चाचणीचे फोन ठेवून घेतले, पुढच्या आगीच्या मोसमात तिची माणसं ते वापरून बघणार आहेत. तिने विचारलं, "एवढे मेसेज कसले पाठवत होतात?" निखिल म्हणाला, "घरचं काहीतरी." आम्ही निघताना तिच्या नवऱ्याने भाजलेला पाय तिने दिला, आत आंबटगोड काळ्या बोरांचं सारण. मी तिला उरलेला चिवडा दिला आणि हिंगाची डबीही दिली, अस्वलांसाठी.

परतीच्या वाटेवर एसी कमी करायला कुणी मला सांगितलं नाही. बदामाच्या बागा आल्या तेव्हा मी झोपले होते.

नागपूर

परत येऊन आता महिना झाला. रुचा अ‍ॅशबर्नला पोचली. तिकडे थंडी फार, जॅकेट कुठलं घ्यायचं यावरून वाटेत पुष्कळ वाद झाला म्हणे. हे मला ईराने सांगितलं, तेही इंग्रजीत. कुकर लावण्याच्या वेळेला आता फोन येत नाही. परवा आमचे हे म्हणाले, "पोरांचं काय चाललंय? बऱ्याच दिवसांत काही कळलं नाही."

"मला काय माहीत," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, कारण हे वाक्य आमच्या घरात नवीन होतं. "मग लाव ना फोन."

मी रुचाला लावला. ती दुसऱ्या कॉलवर आहे असं आलं. निखिलला लावला. तोही दुसऱ्या कॉलवर. थोडं थांबून पुन्हा लावले, आधी तिला, मग त्याला. दोघंही अजून बिझी.

"काय झालं? उचलत नाहीत का?" ह्यांनी विचारलं.

इतकी वर्षं बोर्डावर काढलेल्या बाईला दोन नंबर एकाच वेळी बिझी लागले तर काय ते कळायला वेळ लागत नाही. मी फोन टेबलावर ठेवला आणि कुकरकडे गेले. "लागलीय लाइन," मी म्हटलं. "बोलू द्या त्यांना."